आहेराची वही

यंत्र गरम व्हायला तीन दिवस लागले.
थंड करायला लागायचे दोन,
आणि त्याआधी अर्जाला चौदा महिने.

स्केनेक्टडीत मार्चमध्येही नदीवर बर्फ असतो,
पण आमच्या तळघरातलं हवामान त्याच्या फार खालचं:
सोन्याचा मुलामा दिलेल्या ताटल्या, एकीखाली एक,
सगळ्यात तळाला नखाएवढी चकती,
आणि तिथे थंडी अशी
की दोन ताऱ्यांमधली पोकळी
तिच्यापुढे उन्हातली ओसरी वाटावी.
ती थंडी मी सांभाळायची.
गणित बाकीचे सांभाळायचे.
पंपाचा सूर बदलला की गळती कुठे ते मला कळायचं,
जेवताना, मान वर न करता.

पत्र आलं ते सभ्य होतं.
'राष्ट्रीय प्राधान्यक्रमांची फेरआखणी.'
अनुदानाचा हिशेब ठेवणारी वांडा प्रुशिन्स्की
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"म्हणजे पैसे आहेत. तुम्हाला नाहीत."
एकोणतीस वर्षं ती असली पत्रं उघडतेय,
निम्मी अजून तिच्या खणात, रबर लावून.

पैसे गेले दुसऱ्या राज्यात,
ब्रॅन्टली ऑकरमन नावाच्या गृहस्थांच्या कंपनीला,
जिच्या इमारतीला अजून छप्पर नव्हतं.
इमारतीच्या चित्रात मात्र झाडं होती,
झाडांखाली लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं,
झाडून सगळी हसणारी.

त्या रात्री मी याद्या उघडल्या.
इथे त्या कुणालाही बघता येतात:
कुणी, कधी, कोणत्या उमेदवाराला, किती.
नाव, गाव, पिनकोड, पेशा.
लपवाछपवी काही नाही.
आणि मला साताऱ्यातलं माझंच लग्न आठवलं,
दाराशी टेबल, भालचंद्रकाका वही घेऊन बसलेले:
कोरेगावचे बर्गे, एकशे एक.
शेजारच्या दिघेबाई, स्टीलचा डबा, मोठा.
पत्रिकेवर छापलं होतं, कृपया आहेर आणू नये.
वही दोनशेपानी होती.

काका सांगायचे, हे कर्ज नव्हे.
कुणी मागायला दारात येत नाही.
फक्त त्यांच्या घरी कार्य निघालं
की आपण वही काढायची, बोट फिरवायचं,
आणि त्याहून कमी द्यायचं नाही.

ऑकरमन, तीन हजार तीनशे.
मिसेस ऑकरमन, तीन हजार तीनशे.
दोन मुलगे, पेशा विद्यार्थी,
प्रत्येकी तीन हजार तीनशे,
एकाच तारखेला, एकाच समितीच्या अध्यक्षांना.
विद्यार्थ्यांकडे एवढे असतात हे मला ठाऊक नव्हतं.
आमचा टोबायस सेमिनार संपला की
उरलेला पिझ्झा कागदात बांधून घरी न्यायचा.

सापडलं, असं वाटलं. खुर्चीत ताठ बसले.
मग सहज आमच्या संचालकांचं नाव टाकलं.
होतं. दोनदा.
दुसऱ्या पक्षाच्या बाईंना,
ज्या आमचं अनुदान मंजूर झालं त्या वर्षी
त्याच खुर्चीत होत्या.

मग माझं.
आडनावात एक अक्षर कमी. पेशा, तंत्रज्ञ.
पंचवीस डॉलर.
नागरिक झाले त्या आठवड्यात दिले होते,
शाळेतल्या जेवणाबद्दल बरं बोलली होती ती.
पडली.

सकाळी वांडाला सांगितलं.
तिनं कॉफी ढवळली, बराच वेळ.
"पुरावा शोधत होतीस?
पुरावा काय करायचाय, यादी तर छापलेलीच आहे."

खाली पंप बंद होते.
इतकी वर्षं ऐकू न आलेला ट्यूबलाइटचा आवाज येत होता.
ताटल्या हाताला लागतील इतक्या कोमट,
मी मोजे काढून एकीला हात लावून पाहिला.
पितळेच्या परातीसारखी, इतकंच.

मे महिन्यात ऑकरमनच्या कंपनीतून फोन आला.
छप्पर झालंय, म्हणाले,
थंडी सांभाळणारं माणूस मिळत नाही.
विचार करून सांगते, म्हटलं.
पगार किती, ते मात्र विचारून ठेवलं.